कॅल्शियम ११.६, पीटीएच २२८: छोट्या छेदातून एकच पॅराथायरॉइड काढून भागेल का?

कृष्णाकाठ

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस आहे. पेशंट बाई, वय ५४, वजन ५५ किलो. तीन वर्षांत दोनदा मुतखडा, कंबर आणि पिंढऱ्या कायम ठणकतात. कॅल्शियम ११.८, पंधरा दिवसांनी परत केलं तर ११.६. अल्ब्युमिन ३.८, फॉस्फरस २.३, क्रिएटिनिन ०.८, अल्कलाइन फॉस्फटेज २१०. पीटीएच (थायरॉइडमागच्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींचं, रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं संप्रेरक) २२८ (लॅबची मर्यादा १५ ते ६५). ड जीवनसत्त्व ९. डेक्सात (हाडांची घनता मोजणारी तपासणी) हाताच्या हाडाचा टी-स्कोअर (जितका जास्त उणे तितकं हाड ठिसूळ) उणे ३.१, खुब्याचा उणे २.४.

सोनोग्राफीत थायरॉइडच्या डाव्या भागाच्या खालच्या टोकामागे १३×८ मिमीची गडद गाठ. उजव्या थायरॉइडमध्ये वेगळी ९ मिमीची नोड्यूल (गाठ). सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी औषधाने ग्रंथी दाखवणारा) साधा, स्पेक्ट-सीटीशिवाय (तोच स्कॅन त्रिमितीत, सीटीबरोबर). दोन तासांनंतरही डावीकडे खाली ठिपका टिकून आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरथायाझाइड १२.५ ही एकत्र गोळी चालू आहे.

नातेवाईक तीन ठिकाणी जाऊन आले. एक सर्जन म्हणाले, दोन-अडीच सेंमीच्या छेदातून डावी खालची ग्रंथी काढू, दुसऱ्या दिवशी घरी. दुसरे म्हणाले, मान नीट उघडून चारही ग्रंथी बघायलाच हव्यात. तिसऱ्या ठिकाणी सुईने जाळून टाकायचा सल्ला मिळाला, टाकासुद्धा नको म्हणून. घरच्यांना अर्थातच तिसरा आवडलाय. पाठवायच्या आधी माझ्याकडून काय पुरं करून द्यायला हवं, आणि या तिघांत बरोबर कोण?

---

अधिवृक्क

पहिले दोघंही बरोबर असू शकतात, ते कशावर अवलंबून आहे ते सर्जन मंडळी सांगतीलच. त्याआधी तुमच्या फाइलमध्ये दोन गोष्टी राहिल्यात.

एक, ती थायाझाइडची गोळी. थायाझाइडने लघवीतलं कॅल्शियम अडतं आणि रक्तातलं चढतं. या बाईंचं पीटीएच एवढं आहे की केवळ गोळीमुळे असं होणार नाही, पण आकडा फुगलेला असू शकतो आणि लघवीची तपासणी तर हमखास चुकते. नुसती टेल्मिसार्टन किंवा अ‍ॅम्लोडिपिनवर आणा, किमान दोन आठवडे जाऊ द्या, मग कॅल्शियम, अल्ब्युमिन, पीटीएच एकाच वेळी, एकाच सुईतून. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवलेला नको. बायोटिनची गोळी (केसांसाठी म्हणून हल्ली सर्रास घेतात) चालू असेल तर तीही आधी बंद करा. बऱ्याच पद्धतींत तिच्यामुळे पीटीएच खोटं कमी येतं.

दोन, २४ तासांची लघवी. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन दोन्ही. गणित असं: (लघवीतलं कॅल्शियम × रक्तातलं क्रिएटिनिन) भागिले (रक्तातलं कॅल्शियम × लघवीतलं क्रिएटिनिन). समजा लघवीत कॅल्शियम २० आणि क्रिएटिनिन ६० मिग्रॅ प्रति डेसिलिटर आलं, तर १६ भागिले ६९६, म्हणजे ०.०२३. ०.०२च्या वर असेल तर आजार ग्रंथीचाच. ०.०१च्या खाली आलं तर थांबा: कॅल्शियम ओळखणाऱ्या रिसेप्टरचा आनुवंशिक दोष असू शकतो, त्यात ऑपरेशन करून काहीच हाती लागत नाही. मधल्या पट्ट्यात आलं तर घाईने निष्कर्ष नको, कारण ड जीवनसत्त्व ९ असताना लघवीतलं कॅल्शियम तसंही कमी येतं. दोनदा मुतखडा झालेल्या बाईत हा दोष असण्याची शक्यता कमीच, तरी तपासणी स्वस्त आहे आणि चुकीचं ऑपरेशन महाग.

ऑपरेशनची गरज आहे का, यावर फार बोलायला नको. मुतखडा आहे, टी-स्कोअर उणे २.५च्या खाली आहे. यातलं कुठलंही एक कारण पुरलं असतं.

ड जीवनसत्त्व आधी भरून काढा, पण ते सहा लाख युनिटचं इंजेक्शन कृपा करून नको. रोज १००० ते २००० युनिट, किंवा आठवड्याला एक ६०,०००चा सॅशे, आणि दर दोन आठवड्यांनी कॅल्शियम. १२च्या वर सरकायला लागलं तर थांबवा. पातळी ३०वर नेणं चांगलं, पण तेवढ्यासाठी ऑपरेशन महिनोन्महिने लांबवू नका. आणि कोणीतरी दूध-दही बंद करायला सांगितलं असेल तर परत सुरू करा. आहारातलं कॅल्शियम तोडलं की पीटीएच अजून वर जातं आणि हाडं आणखी झिजतात.

---

गामा_कॅमेरा

स्कॅनबद्दल. पहिली गोष्ट, सोनोग्राफी आणि सेस्टामिबी निदानासाठी नसतातच. निदान रक्त-लघवीवर होतं. चित्रं फक्त सर्जनला पत्ता देतात. स्कॅन निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही, असं कळवणारे रिपोर्ट अजून बघायला मिळतात, म्हणून हे मुद्दाम.

साध्या स्कॅनमध्ये २० मिलिक्युरीच्या आसपास टेक्नेशियम-सेस्टामिबी शिरेतून देऊन १०-१५ मिनिटांनी एक आणि दीड-दोन तासांनी दुसरं चित्र घेतात. थायरॉइडमधून औषध लवकर धुऊन जातं, अडेनोमात (ग्रंथीच्या साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीत) टिकतं. दोन्ही तपासण्या एकाच जागी बोट ठेवताहेत, ही जमेची बाजू.

पण साधं चित्र सपाट असतं. डावीकडे, खाली, एवढंच ते सांगतं; किती खोल ते सांगत नाही. आणि इथेच लोक फसतात. वरची पॅराथायरॉइड वाढून जड झाली की अन्ननलिकेच्या कडेने मागच्या मागे खाली घसरते आणि समोरून बघताना खालच्या ग्रंथीच्या पातळीला दिसते. रिपोर्टवर लिहिलं जातं ‘डावी खालची’, असते डावी वरची. सर्जन थायरॉइडच्या खालच्या टोकापुढे शोधत बसतो आणि गाठ असते स्वरयंत्राच्या नसेच्या मागे. तुमच्या सोनोग्राफीत ‘खालच्या टोकामागे’ असा शब्द आहे, तेव्हा ही शंका रास्त आहे. स्पेक्ट-सीटी करून घ्या. आता परत इंजेक्शन द्यावं लागेल, पण त्याच सत्रात आणखी अर्ध्या तासात खोलीचा प्रश्न मिटतो.

उजवीकडची ९ मिमीची नोड्यूलही डोक्यात ठेवा. थायरॉइडच्या काही गाठी, विशेषतः हर्थल पेशींच्या, सेस्टामिबी धरून ठेवतात. इथे ठिपका विरुद्ध बाजूला आहे म्हणून गोंधळ नाही, पण तिचं टायरॅड्स वर्गीकरण (सोनोग्राफीवरून कर्करोगाच्या शक्यतेची श्रेणी) ऑपरेशनच्या आधी हवं. नंतर कळलं की थायरॉइडही काढायला हवी होती, तर मान दुसऱ्यांदा उघडावी लागेल.

दोन्ही तपासण्या जुळल्या नाहीत किंवा काहीच दिसलं नाही, तर पुढची पायरी फोर-डी सीटी किंवा फ्लुरोकोलिन पेट. फ्लुरोकोलिन लहान ग्रंथीही पकडते. मात्र भारतात ती सगळीकडे मिळत नाही आणि या बाईंना बहुधा लागणार नाही.

---

कंठमणी

गामा_कॅमेरा यांनी नेमकं दुखणं सांगितलं. आता ऑपरेशन.

‘दुर्बिणीतून’ या शब्दाने घरच्यांचा गोंधळ होतो म्हणून आधी ते सांगतो. पहिल्या सर्जननी सुचवलेल्या फोकस्ड (एकाच ग्रंथीपुरत्या) ऑपरेशनमध्ये दुर्बीण बहुतेक वेळा नसतेच. छेद लहान, डोळ्यांनी बघून काम. इटलीतल्या पिसाचे सर्जन मिकोली यांच्या पद्धतीत दीड सेंमीच्या छेदातून ५ मिमीची दुर्बीण घालतात, गॅस न भरता. गॅस भरून मानेतलं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन गॅन्ये या सर्जननी १९९६ मध्ये केलं; ते पाच तास चाललं आणि पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढून कातडीखाली हवा पसरली. आता ओठाच्या आतून करतात तेव्हा दाब खूप कमी ठेवतात. मानेवर व्रण राहत नाही हे खरं, पण आत उकरावं जास्तच लागतं आणि हनुवटी काही दिवस बधिर राहू शकते. ज्याला व्रण अजिबात चालणार नाही त्याने विचार करावा. ५४ वर्षांच्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईंसाठी तो मुद्दाच नाही.

एकच ग्रंथी काढणं बसतं का? साधारण ८० ते ८५ टक्के पेशंटमध्ये एकच अडेनोमा असतो, १० ते १५ टक्क्यांत चारही वाढलेल्या, थोड्यांत दोन, आणि कर्करोग १ टक्क्याहून कमी. म्हणून चित्रं जुळली तर एका बाजूने जायचं. चित्रं जुळत नसतील, वय तिशीच्या आत असेल, घरात आणखी कोणाला हाच आजार किंवा पिट्युटरी-स्वादुपिंडाच्या गाठी असतील, बरीच वर्षं लिथियम घेतलेलं असेल किंवा मूळ आजार किडनीचा असेल, तर दुसरे सर्जन म्हणतात तेच करायचं: चारही बघायच्या. कॅल्शियम १४च्या पुढे आणि हाताला लागणारी कडक गाठ असेल तर कर्करोग धरून त्या बाजूच्या थायरॉइडसकट एकसंध काढायचं. बाईंमध्ये यातलं काही दिसत नाही, घरचा इतिहास तेवढा विचारून घ्या.

प्रत्यक्षात असं करतात. खांद्याखाली उशी, मान मागे, टेबल डोक्याकडून २०-३० अंश वर. मान ताणली की ग्रंथी जागा बदलते, म्हणून भूल दिल्यावर त्याच स्थितीत पुन्हा सोनोग्राफी करून कातडीवर खूण. छेद अडीच-तीन सेंमी, मानेच्या वळीत. मी मधला छेद धरून बाजूला सरकणं पसंत करतो, गरज पडली तर तोच वाढवून दुसऱ्या बाजूला जाता येतं. काही जण कडेने शिरतात, मानेचा मोठा स्नायू बाहेर आणि पट्टीचे स्नायू आत सारून. थायरॉइडचा तो भाग आतल्या बाजूला वळवायचा, मधली शीर आड आली तर बांधायची. मग स्वरयंत्राची नस शोधायची. खालची ग्रंथी नसेच्या पुढच्या बाजूला असते, वरची मागच्या बाजूला. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी शोधाशोध वाचते.

निरोगी ग्रंथी मसुरीएवढी, ३० ते ५० मिलिग्रॅमची. अडेनोमा तपकिरी-मोहरी रंगाचा, मऊ, कडेला पिवळ्या चरबीची टोपी, आणि बोटाने ढकलला की आपल्या आवरणात सुळकन हलतो. लसिकाग्रंथी फिकी आणि घट्ट असते, थायरॉइडचा कण लालसर. संशय आला तर तुकडा सलाइनमध्ये टाकायचा: चरबी तरंगते, पॅराथायरॉइड बुडते. ग्रंथीला चिमटा लावायचा नाही. चरबीला धरून उचलायची, रक्तवाहिनीला क्लिप, मग काढायची. आवरण फाटून पेशी सांडल्या तर त्या मानेत रुजतात, आणि वर्षांनी जागोजागी बारीक गाठी घेऊन पेशंट परत येतो. ते साफ करणं जवळपास अशक्य. याच कारणासाठी आधी त्या गाठीत सुई घालून एफएनएसी (पेशींची तपासणी) करू नये. कोणी लिहून दिली असेल तर रद्द करा.

फ्रोझन सेक्शनवर (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेली तपासणी) फार विसंबू नका. हा तुकडा पॅराथायरॉइड आहे की नाही एवढं ते सांगतं; अडेनोमा की चारही ग्रंथींचा आजार, हे एका तुकड्यावरून पॅथॉलॉजिस्ट ठरवू शकत नाही. मेथिलिन ब्ल्यूने ग्रंथी रंगवायची जुनी रीत कुठे चालू असेल तर पेशंट नैराश्याच्या गोळ्या घेतो का ते बघा, सेरोटोनिनची विषबाधा होते. तशीही ती रीत आता सोडावी.

सुईने जाळणं: रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्ह. भूल झेपणार नाही, हृदय थकलंय, किंवा आधी दोनदा मान उघडून झालीय, अशांना हा पर्याय आहे. गाठ आणि नस यांच्यामध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज सोडून अंतर करतात (रेडिओफ्रीक्वेन्सीत सलाइन चालत नाही, त्यातून वीज वाहते). तरी उष्णता नसेपर्यंत पोचू शकते. पॅथॉलॉजीला तुकडा मिळत नाही. आजार उरला तर पुढच्या सर्जनला चिकटून बसलेल्या जागेत काम करावं लागतं. धडधाकट माणसात पहिला उपाय म्हणून मी हे सुचवणार नाही. टाका नको, हे त्यासाठी पुरेसं कारण नव्हे.

जाता जाता: माणसाच्या आधी या ग्रंथी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या भारतीय गेंड्यात रिचर्ड ओवेननी पाहिल्या होत्या, माणसातल्या सँडस्ट्रॉमनी १८८० मध्ये उप्सालात लिहून ठेवल्या. आणि त्या कुठे लपतात याचा धडा चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कॅप्टनवर गिरवला गेला: सहा ऑपरेशनं वाया, १९३२ मध्ये सातव्या वेळी गाठ छातीत सापडली. खालची ग्रंथी गर्भात थायमसबरोबर उतरते, म्हणून ती कधीकधी छातीपर्यंत जाते.

---

सेंट्रिफ्यूज

ऑपरेशन चालू असतानाच्या पीटीएचबद्दल कोणी बोललं नाही. लॅबच्या बाजूने सांगतो.

पीटीएचचा अर्धा साठा ३ ते ५ मिनिटांत संपतो, म्हणून अडेनोमा निघाल्याचा परिणाम दहा मिनिटांत दिसतो. नमुने चार: छेदाआधी, ग्रंथीची रक्तवाहिनी बांधायच्या आधी, काढल्यावर ५ आणि १० मिनिटांनी. मायामीचा नियम: पहिल्या दोनपैकी जो जास्त, त्याच्या निम्म्याहून खाली दहाव्या मिनिटाला यायला हवं. उदाहरण घ्या. छेदाआधी २३०, ग्रंथी हाताळल्यामुळे उसळून ४१०, पाचव्या मिनिटाला १९०, दहाव्या मिनिटाला ८२. उत्तम, टाके घाला. दहाव्या मिनिटाला १८० आलं तर? नियमात बसतं, ४१०च्या निम्म्याहून कमी आहे. पण ६५च्या जवळपासही नाही. अशा वेळी विसाव्या मिनिटाचा नमुना मागवावा, नाहीतर दुसरी गाठ आत ठेवून मान बंद होते. उलट दुसरा नमुनाच घेतला नाही, तर २३०शी तुलना होईल, ग्रंथी निघूनही १० मिनिटांचा आकडा पुरेसा पडला नाही असं वाटू शकतं, आणि विनाकारण शोध सुरू.

चुका नेहमीच्याच. सलाइन चालू असलेल्या हातातून नमुना (पातळ होतो, आकडा खोटा कमी), आधीचं ५-१० मिली न फेकणं, त्याच बाजूच्या गळ्याच्या शिरेतून घेणं (खोटा जास्त), फेसाळून रक्त फुटणं. ईडीटीएची नळी वापरा, त्यात पीटीएच जास्त टिकतं. आणि वेळ: मशीन १० ते २० मिनिटांत देतं, पण वॉर्डबॉय, लिफ्ट, फिरवणं धरून पाऊण तास सहज. काही हॉस्पिटलांत पीटीएच दिवसातून एकदाच लावतात. ‘आमच्याकडे सोय आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. पेशंट टेबलवर असताना आकडा हातात येतो का, हे विचारा.

---

अधिवृक्क

थोडा विरोध नोंदवतो. चित्रं पक्की जुळत असतील तर या आकड्याने यशात पडणारी भर फार थोडी. इंग्लंडच्या नाइस या उपचार-मार्गदर्शक संस्थेने २०१९ मध्ये पहिल्या ऑपरेशनला तो नेहमी वापरू नका असंच सांगितलंय. अमेरिकेच्या एंडोक्राइन सर्जनांची २०१६ची सूचना उलट, फोकस्ड करायचं तर वापराच. तेव्हा सोय नाही म्हणून चांगल्या सर्जनला नाकारू नका.

---

कंठमणी

मान्य, पण अर्धवट. स्पेक्ट-सीटी आणि सोनोग्राफी एकमताने बोलत असतील तर मी आकड्याशिवायही करेन. एकच तपासणी बोलतेय, किंवा थायरॉइडमध्ये इतर गाठी आहेत, तर नाही. छेद किती मोठा हे सर्जनने आधी कबूल करून बसायचं नसतं. संमतिपत्रावर ‘गरज पडल्यास चारही ग्रंथींची पाहणी’ लिहिलेलं हवं आणि नातेवाइकांना तोंडी सांगितलेलं हवं, नाहीतर मोठा छेद दिसला की काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटतं.

---

भूलथापा

भुलेच्या टेबलावरून. संपूर्ण भूल किंवा मानेचा वरवरचा ब्लॉक (इंजेक्शनने मान बधिर करणं; ०.२५ टक्के बुपिव्हाकेन, एका बाजूला १०-१५ मिली), दोन्ही चालतं. ब्लॉकमध्ये पेशंट बोलू शकतो, त्यामुळे आवाज तिथेच तपासता येतो. खोल ब्लॉक दोन्ही बाजूंना कधीच नको, श्वासपटलाच्या नसा बधिर होतात.

कॅल्शियम जास्त असलं की लघवी जास्त होते आणि पेशंट कोरडा येतो. आदल्या दिवशी पाणी भरपूर, रात्रीच्या उपाशीपोटात सलाइन. ईसीजी काढा. या बाईंची हाडं बघता टेबलवर मान वळवताना आणि उचलताना सांभाळून. नसेचा मॉनिटर लावणार असतील तर लांब चालणारं स्नायू शिथिल करणारं औषध नको, नाहीतर मॉनिटर मुका. ऑपरेशनआधी स्वरयंत्र दुर्बिणीतून बघून ठेवा, आवाज ठीक असला तरी. नंतर आवाज बसला तर जुनं की नवं, हे त्यावरच ठरतं. नसेला कायमची इजा अनुभवी हातात १ टक्क्याच्या आसपास किंवा कमी.

आणि वॉर्डच्या सिस्टरना सांगून ठेवा: मान फुगली, श्वास घ्यायला त्रास होतोय, तर सोनोग्राफीला न्यायचं नाही. टाके तिथेच बेडवर उघडायचे.

---

कृष्णाकाठ

स्पेक्ट-सीटी आणि लघवीची व्यवस्था करतो, थायाझाइड आजपासून बंद. जाळण्याचं घरच्यांना समजावतो. एक राहिलं: दुसऱ्या दिवशी घरी सोडलं तर पुढचं मलाच बघायचंय, आणि इथे आयसीयू नाही.

---

अधिवृक्क

म्हणूनच या बाईंना दुसऱ्या दिवशी सोडू नका म्हणावं. अल्कलाइन फॉस्फटेज २१०, ड जीवनसत्त्व ९, हाडं पोकळ. पीटीएच पडलं की ही हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. तळ दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो, म्हणजे नेमका घरी पोचल्यावर. तीन-चार दिवस तिथेच ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ कॅल्शियम करवून घ्या. फॉस्फरस आणि मॅग्नेशियमही.

गोळ्या पहिल्याच संध्याकाळपासून: ५०० मिग्रॅ मूळ कॅल्शियम असलेल्या कार्बोनेटच्या २ गोळ्या दिवसातून तीनदा जेवणाबरोबर, आणि कॅल्सिट्रिऑल ०.५ मायक्रोग्रॅम दोनदा. अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल चालू असेल तर कार्बोनेट नीट शोषलं जात नाही, सायट्रेट द्या. लोह किंवा थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं अंतर.

ओठांभोवती, बोटांना मुंग्या आल्या तर आधी जादा गोळी देऊन लगेच कॅल्शियम. हात वळायला लागले, झटका आला किंवा ईसीजीत क्यूटी (ठोक्यातलं एक अंतर) लांबला तर शिरेतून: १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, ५० मिली डेक्स्ट्रोजमध्ये, १० ते २० मिनिटांत, मॉनिटर लावून. भराभर ढकललं तर हृदय मंदावतं. डिगॉक्सिन घेणाऱ्याला जास्तच जपून. हे तात्पुरतं, काही तासांत उतरतं. म्हणून पाठोपाठ १० टक्क्यांचे १०० मिली ९०० मिलीमध्ये मिसळून तासाला ५० मिली. यातून तासाला साधारण ४६ मिग्रॅ मूळ कॅल्शियम जातं. मोठी शीर निवडा, बाहेर झिरपलं तर कातडी सडते. त्याच नळीतून बायकार्बोनेट, फॉस्फेट किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन नको. मॅग्नेशियम कमी असेल तर ते भरल्याशिवाय कॅल्शियम वर येत नाही, कितीही ओता.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड कॅल्शियम, मग आठवड्याला, ८.५च्या वर स्थिरावलं की आधी कॅल्सिट्रिऑल कमी करा, नंतर गोळ्या. अल्कलाइन फॉस्फटेज आधी अजून चढेल, हाडं भरतायत म्हणून. ते उतरायला लागलं की हाडांची कॅल्शियमची भूक संपत आली. एखाद-दोन महिन्यांनी पीटीएच परत वाढलेलं दिसलं आणि कॅल्शियम नॉर्मल असलं तर ऑपरेशन फसलं असं सांगून टाकू नका, ड जीवनसत्त्व बघा. बरं झालं की नाही ते सहा महिन्यांच्या कॅल्शियमवर ठरतं. तोवर थायाझाइड परत सुरू करू नका, आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर पॅथॉलॉजी रिपोर्टवर ग्रंथीचं वजन लिहिलेलं मागून घ्या.